माडी कुरकुरते तेव्हा



या सदरात आपण एरवी शिवारातले बोलतो. आज घरातले बोलायचे आहे, आणि तेही जुन्या घरातले. ज्यांचे घर स्लॅबचे किंवा पत्र्याचे आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही. सासरी, आजोळी, भावकीत कुठेतरी एखादी लाकडी माडी अजून उभी असते.

मागच्या कार्तिकात पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला जाणे झाले. काम बांधबंदिस्तीचे होते. दुपारी एका शेतकरी बंधूंच्या घरी चहाला थांबलो. घर जुने, दगडमातीच्या रुंद भिंतींचे. खाली सोपा आणि माजघर, वर कडीपाटाची माडी. आम्ही सोप्यात बसलो असताना वर कोणीतरी चालत होते आणि पावलागणिक कुर्र-कुर्र आवाज येत होता. मी वर पाहिले तशी घरातली म्हातारी म्हणाली, "माडी बोलती बघा सायेब. रातचं वर कुनी नसलं तरी बोलती."

मुलगा म्हणाला, "आता फार दिवस नाही बोलायची. पाडायचीच आहे. एखाद्या दिवशी पोराचा पाय जायचा खाली." जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन भाव सांगून गेला होता. त्या पैशात नव्या स्लॅबचे निम्मे लोखंड येईल असा हिशेब झाला होता. म्हातारी गप्प होती. तिचे उभे आयुष्य त्या माडीवर गेले होते, पण नातवाच्या पायाची गोष्ट निघाल्यावर ती तरी काय बोलणार?

लाकूड विकायची गोष्ट राळेगणात निघाली की मला यादवबाबांचे मंदिर आठवते. एके काळी या गावात दारूच्या भट्ट्या इतक्या होत्या, की पडझड झालेल्या मंदिराचे लाकूडसुद्धा लोकांनी भट्टीत घातले. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले आणि पहिले काम हाती घेतले ते त्या मंदिराच्या दुरुस्तीचे. भविष्य निर्वाह निधीचे पैसे त्यांनी त्यात घातले. नाला बांध, पाझर तलाव, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे सगळे त्यानंतरचे. ज्या गावाने झाड तोडायचे नाही असे ठरवले, त्या गावात शंभर वर्षांचे सागवान मोडीत जायच्या आधी ते निदान नीट तपासावे, एवढेच मी त्या बंधूंना म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, "तपासा की. चहा व्हायला वेळ आहेच."

आता आधी हा आवाज कशाचा ते समजून घेऊ. कडीपाटाच्या माडीत खाली जाड तुळई असते, तिच्यावर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या. आपल्याकडे फळ्या बहुधा सागाच्या आणि कड्या सागाच्या, नाहीतर बाभळीच्या किंवा लिंबाच्या. काही घरांत फळ्यांवर मातीचा थर देऊन सारवलेले असते. तिथे आवाजाचा प्रश्न सहसा येत नाही. आपण बोलतो आहोत ते उघड्या फळ्यांच्या जमिनीविषयी.

लाकूड तोडून शंभर वर्षे झाली तरी ते हवेतला ओलावा घेते आणि सोडते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. नऊ इंच रुंदीची सागाची फळी श्रावणातून वैशाखात येईपर्यंत दीड-दोन मिलिमीटरने कमी होते. सुताराच्या भाषेत हे अर्धे सूत झाले. दरवर्षी असे आत-बाहेर होऊन खिळ्याचे भोक सैल पडते आणि फळी कडीपासून केसभर उचलली जाते. तिच्यावर पाय पडला की ती खाली दबते, पाय उचलला की वर येते, आणि येता-जाता खिळ्याला, कडीला किंवा शेजारच्या फळीला घासते. वंगण नसलेले गाडीचे चाक ओरडते तसाच हा प्रकार. रात्री माणूस नसताना जे टकटक वाजते त्यातही भूतबीत काही नाही. दिवसभर तापलेले लाकूड रात्री गार होते, अडकलेली फळी एकदम थोडी सरकते आणि आवाज होतो. म्हातारीला मी हे सांगितले. तिला ते कितपत पटले हे तिलाच ठाऊक.

जपानात क्योटो शहरात निजो नावाचा किल्ला आहे, १६०३ सालचा. तिथल्या वाड्याच्या लाकडी ओसरीवर चालले की पाखरू चिवचिवल्यासारखा आवाज येतो. फळ्यांखालच्या लोखंडी पकडी खिळ्यांना घासून तो निघतो. चोरपावलांनी येणारा माणूस कळावा म्हणून ती जमीन तशी केली, अशी तिथे समजूत आहे. राजाच्या घरी जी कला मानली जाते, ती आपल्या घरी कटकट ठरते. कारण दोन्हीकडे एकच: खिळा आणि फळी यांच्यातली ढिलाई.

चहा झाल्यावर आम्ही तपासायला लागलो. याला दोन माणसे लागतात. एकाने वर हळूहळू प्रत्येक फळीवर पाय द्यायचा, दुसऱ्याने खाली माजघरात उभे राहून कडीपाटाकडे बघायचे. जिथे फळी हलताना दिसेल तिथे खालून खडूने खूण करायची. कडीपाट खालून उघडा असतो ही आपल्या जुन्या घरांची मोठी सोय आहे. रोग कुठे आहे ते डोळ्यांना दिसते. नातू वर चालला, मी खाली खडू घेऊन फिरलो. खुणा झाल्या अकरा, जवळजवळ सगळ्या खोलीच्या मध्यावर आणि जिन्याच्या तोंडाशी. तिथे पेचकसाचे टोक दाबून पाहिले तर लाकडात शिरेना. फळी ठोकली तर खणखणीत वाजली. पाय जाईल अशी भीती जिथे वाटत होती, तिथे बैल बांधला असता तरी चालले असते.

मग उत्तरेच्या कोपऱ्याकडे गेलो. तिथे आवाज मुळीच नव्हता. घरच्यांचा त्या कोपऱ्यावर इतका भरवसा, की बाजरीची २६ पोती तिथेच थप्पी लावून ठेवलेली. पण खालून पाहिले तर भिंतीवर ओलीचा काळपट ओघळ उतरलेला. वर पन्हळ तुंबले होते आणि कित्येक पावसाळ्यांचे पाणी भिंतीत मुरत होते. तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते तिथे मी पेचकस टेकवला आणि तो दोन बोटे आत गेला. लोण्यात जावा तसा. बंधूंचा चेहरा उतरला.

बंधू-भगिनींनो, ओरडणारी फळी सहसा कोरडी आणि कणखर असते, फक्त सैल झालेली असते. कुजलेले लाकूड मऊ पडते. ते घासत नाही, वाजत नाही, मुकाट्याने खचते. म्हणून आवाज बंद करण्याच्या आधी गप्प असलेल्या जागा तपासाव्यात. तुळयांची आणि कड्यांची भिंतीतली टोके, पन्हळाखालची जागा, मोरीच्या वरची जागा आणि ज्या भिंतीला बाहेरून माती चढली आहे ती भिंत. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी समजावी. खाली पिठासारखी पूड पडत असेल तर भुंगा.

पोत्यांचा हिशेबही तिथेच मांडला. नव्या बांधकामात राहत्या खोलीची जमीन करताना दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. दहा बाय दहा फुटांच्या खोलीला हे झाले अठरा क्विंटलच्या आसपास, तेही सगळीकडे सारखे पसरून. पन्नास किलोची २६ पोती म्हणजे तेरा क्विंटल. ती पाच बाय पाच फुटांत रचली की त्या जागेवर चौरस मीटरला साडेपाचशे किलोच्या वर भार येतो, आणि तो नेमका कुजक्या टोकावर. चहा पिताना आम्ही त्याच थप्पीच्या खाली बसलो होतो. पोती त्याच संध्याकाळी खाली उतरवली. माडीवर धान्य ठेवायचेच असेल तर थप्पी करू नये. धडक्या भिंतीच्या कडेने, अनेक कड्यांवर भार वाटला जाईल असे एकेरी ठेवावे. खोलीच्या मध्यावर तर कधीच नको.

तुळईचे टोक गेले म्हणून माडी गेली असे होत नाही. सुताराने दोन टेकू देऊन भार घेतला. ट्रॅक्टरच्या जॅकने तुळई थोडी उचलली, तीही दिवसाला एका सुतापेक्षा जास्त नाही. वर्षानुवर्षे खचलेले लाकूड एका दिवसात सरळ केले तर भिंतीला तडे जातात. मग कुजका भाग तासून काढला, आणि भिंतीच्या आतल्या बाजूला, तुळईच्या धडक्या भागाखाली, दगडी तळखड्यावर नवा खांब उभा केला. नवा म्हणजे तरी जुनाच. पडलेल्या गोठ्यातली बाभळीची मेढ होती, ती कामी आली. पन्हळ साफ करून पाणी भिंतीपासून दूर पाडले. हे काम पहिले. पाणी तसेच राहिले तर नवा खांब घालूनही उपयोग नसतो. तुळईला हात घालण्याचे काम मात्र घरच्या घरी करू नये, जाणता सुतारच बोलवावा. आणि निम्म्या कड्यांची टोके गेली असतील किंवा भिंतीलाच पोट आले असेल, तर माडी उतरवणेच शहाणपणाचे. तिथे जुन्याचा मोह धरू नये.

वाळवी-भुंग्यासाठी शेतातली औषधाची बाटली घरात आणू नका. पूर्वी आम्हीच गावोगाव बीएचसी पावडर सुचवत होतो. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे आणि ती योग्यच आहे. ज्या माडीवर माणसे झोपतात आणि धान्य राहते तिथे असले विष नको. भुंग्याची नुकती सुरुवात असेल तर दहा लिटर गरम पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार आणि २०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून कोऱ्या, रंग नसलेल्या लाकडाला कुंच्याने दोनदा पाजावी. त्या वेळी धान्य आणि मुले खाली ठेवावीत, हातात मोजे घालावेत आणि उरलेले पाणी जनावराच्या वाटेत टाकू नये. वाळवीची नळी जमिनीतून येत असेल तर नुसते लाकूड रंगवून भागत नाही. त्यासाठी परवानाधारक माणूस बोलवावा.

आता आवाजाकडे येऊ. सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा उपाय म्हणजे आणखी खिळे ठोकणे. मीही तो केला आहे. शिकत असताना सुटीत गावी गेलो आणि आईची तक्रार ऐकून चार इंची खिळे सरळ फळीत घातले. फळी उभी चिरली, आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही तुकडे वेगवेगळे कुरकुरायला लागले. साधा खिळा लाकूड आक्रसले की पुन्हा सैल होतो. धरून ठेवतो तो पेचाचा खिळा, म्हणजे स्क्रू.

फळी आणि कडी यांच्यात खालून फट दिसत असेल तर स्क्रूचीही गरज नाही. सागाची पातळ पाचर करावी, तिला फेव्हिकॉल लावून खालून हाताने सरकवावी आणि हातोडीचा हलका टोला द्यावा. घट्ट बसली की थांबावे. जोर केला तर फळी वर उचलली जाते आणि आवाज शेजारच्या फळीत जातो. राळेगणच्या घरी अकरापैकी सहा जागा एवढ्यानेच गप्प झाल्या.

जिथे फट नाही पण खिळा सैल आहे, तिथे वरून स्क्रू घालावा. एक इंची फळीला अडीच इंची स्क्रू लागतो. जुना साग दगडासारखा कडक झालेला असतो, म्हणून आधी गिरमिटाने भोक पाडणे आवश्यक. वरच्या फळीतले भोक स्क्रू सहज जाईल इतके मोठे आणि कडीतले त्याहून बारीक ठेवावे. असे केले तरच स्क्रू कडीला धरून फळीला खाली ओढतो. दोन्हीकडे पेच धरला तर फट तशीच राहते. स्क्रूला साबण किंवा मेण लावले की तो मुकाट्याने जातो. डोके लाकडात थोडे बुडवून वर सागाचे बुच बसवावे, पायाला लागत नाही.

दोन फळ्या एकमेकींना घासत असतील तर त्या फटीत संगजिऱ्याची पूड भुरभुरावी किंवा मेणबत्ती घासावी. वर्ष-दोन वर्षे निभावते. गोडेतेल घालू नये, त्यावर धूळ बसून चिकटा होतो. आणि फटीत सिमेंट किंवा भिंतीची लांबी भरू नये. लाकूड हलले की ती सुटते आणि तिचा चुरा खाली चुलीवरच्या भाकरीत पडतो. मोठ्या फटीत सुती दोरी दाबून बसवावी. ती लाकडाबरोबर दबते आणि सुटते.

या कामाला काळ कोणता? दिवाळी ते शिवरात्र. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असल्याने फटी दिसत नाहीत. भर वैशाखात त्या सगळ्यात मोठ्या असतात, तेव्हा घट्ट पाचरी मारल्या तर आषाढात फळ्यांना फुगायला जागा राहत नाही आणि त्या मधोमध उठतात.

आवाज गेला की जमीन घासून तेल देता येते. हे काम घरच्यांनी करण्यासारखे आहे. आधी वर आलेली खिळ्यांची डोकी ठोकून खाली बसवावीत, नाहीतर रंध्याचे पाते जाते. खडबडीत जागी रंधा, बाकी ठिकाणी पॉलिश पेपर: आधी ६० नंबर, मग १००, शेवटी १५०. नेहमी रेषांच्या दिशेने घासावे. आडवे घासले तर ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. जुना तेलरंग असेल तर तो कोरडा घासू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. आपल्याकडे रंगातल्या शिशावर कडक मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. तसला रंग ओला करून खरवडावा, नाकातोंडाला फडके बांधावे, लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नये आणि खरवड गोळा करून गावापासून दूर पुरावी.

तेल जवसाचे, पण घाण्याचे कच्चे नव्हे. ते महिना झाला तरी चिकट राहते. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड जवस तेल मिळते ते घ्यावे. पहिल्या हातात निम्मे तेल, निम्मे टर्पेंटाइन. वीस मिनिटे मुरू द्यावे आणि वर राहिलेले सगळे कोरड्या फडक्याने पुसून काढावे. पुसायला आळस केला की जमीन चिकट होते. एक-दोन दिवसांनी दुसरा हात, मग तिसरा, हे दोन्ही नुसत्या तेलाचे. त्या दिवसांत खिडक्या उघड्या असाव्यात आणि वर बिडी, चूल, दिवा काही नको. वार्निश जास्त चमकते, पण ते उडाले की सगळी जमीन पुन्हा घासावी लागते. तेलाच्या जमिनीला वर्षाने एक हात फिरवला की झाले. मी तेलाच्या बाजूचा आहे.

एक सूचना मात्र ठळक करून सांगतो. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडते, बोळ्याच्या आत ती कोंडते आणि काही तासांत काडी न लावता चिंधी पेटते. कडब्याच्या गंजीजवळ असा एक बोळा पडला तर काय होईल ते सांगायला नको. चिंध्या काम संपताच पाण्याच्या बादलीत बुडवाव्यात, नाहीतर उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात आणि मगच टाकाव्यात.

नंतरची निगा सोपी आहे. भगिनींना विनंती, की लाकडी जमीन शेणाने सारवू नये आणि बादलीने धुऊ नये. पिळलेले ओले फडके पुरते.

मार्गशीर्षात पुन्हा त्या घरी जाणे झाले. बाजरी खाली माजघरात कोठीत भरली होती. व्यापारी येऊन परत गेला होता. वर जमीन तेलाने तांबूस दिसत होती आणि दहा जागांचा आवाज गेला होता. अकरावी जिन्याच्या तोंडाची. सुतार तिथे स्क्रू घालायला बसला तेव्हा म्हातारीने त्याला उठवले होते. नातू रात्री उशिरा येतो, तो किती वाजता वर गेला ते तिला खाली अंथरुणात पडल्या पडल्या त्या फळीवरून कळते.

पन्हळ आणि माळवदाच्या गळतीविषयी तीन-चार वाचकांची पत्रे आली आहेत. त्याबद्दल पुढच्या खेपेला लिहीन.